झिमीचा उभा दगड

डोंगराची ही सोंड संपते तिथे उभा दगड दिसतोय ना, तीच झिमी. तिच्या पलीकडे कातळाचे खांब सरळ खाली उतरलेत, म्हणून तिला हात लावून डावीकडे वळायचं. आणि खाली घळीत पालथी पडलीय ती ठकूची शिळा. ती झिमीनंच ढकलली, असं आमच्याकडे सांगतात.

बिरू गवळ्याची पहिली बायको ठकू धुक्यात म्हशी वळवताना याच कड्यावरून पडून गेली. त्यानं तिथे तिच्या नावाची शिळा उभी केली. पुढे झिमीशी लग्न लावलं. पण गडी रोज सांजेला शिळेवर हात ठेवून दिवसभराचं सगळं ठकूला सांगायचा, म्हणे, आणि घरी येऊन मुकाट जेवायचा. झिमी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. सवत जिवंत असती तर भांडता तरी आलं असतं. मेलेलीशी काय भांडणार? झिमी आतल्या आत जळत राहिली.

एका दुपारी तिनं पहार घेतली आणि शिळा उपटून घळीत लोटून दिली. परत फिरली तोच खालून धुकं चढलं. मग मात्र तिला आठवलं. धुक्यात बिरू ती शिळा चाचपूनच वळायचा. हाक मारावी, तर धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. शेवटी शिळेच्या जागी झिमी स्वतःच उभी राहिली.

बिरू आला. शिळाच समजून तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ठकू, झिमीवर माझा लई जीव जडलाय गं. पर तिला सांगाया भ्या वाटतं. तुझ्यावर जीव हाय म्हणून तुला सांगितलं, नि तू गेलीस."

झिमीला भरून आलं, आणि लगेच अंगाची आग झाली. माझ्यावरची मायासुद्धा आधी सवतीच्या कानात! तिनं नुसतं 'अहो' म्हटलं असतं, तर नवरा तिचाच होता. पण तो सवतीला आणखी काय काय सांगतो, ते तिला ऐकायचं होतं. ती हलली नाही. ऐकता ऐकता पायापासून दगड चढत गेला, म्हणतात.

बिरू घरी गेला तर चूल थंड. पुढे जन्मभर तो इथे येऊन ठकूला एकच विचारायचा, "माझी झिमी कुठं दिसली का गं?"

आजही आमची माणसं इथे हात लावून वळतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. बोलायचं ते घरच्या माणसाशी. तेव्हा साहेब, मघापासून तुम्ही मलाच सगळं सांगताय, आणि तुमच्या बाईसाहेब मागे एकट्या चालताहेत. थांबा त्यांच्यासाठी.