खोईदिघीचा पांढरा घाट

सांभाळून उतरा मंडळी, पायऱ्यांना शेवाळ आहे. ही आमची खोईदिघी. खोई म्हणजे तुमच्या साळीच्या लाह्या आणि दिघी म्हणजे मोठं तळं. बाकीच्या तिन्ही घाटांवर पाणी हिरवंगार, आणि इथलंच तेवढं तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. मागे एक साहेब बाटलीत भरून तपासायला घेऊन गेले. काय निघालं ते त्यांनी अजून कळवलेलं नाही. गावात विचाराल तर याचं कारण शेंबडं पोरही सांगेल.

फार पूर्वी इथे गोकुळ बसाक नावाचा विणकर होता. त्याची जामदानी, म्हणजे विणतानाच नक्षी भरलेली साडी, म्हणे इतकी तलम की वाळत घातली तर पलीकडचं गवत मोजून घ्यावं. जामदानीच्या मागावर दोघं शेजारी बसतात, उजवीकडे उस्ताद आणि डावीकडे शिकणारा. गोकुळच्या डावीकडे त्याची एकुलती एक लेक बसायची, क्षीरोदा. नक्षीचे बुट्टे भरण्यात तिचा हात बापाच्याही पुढे होता. पण सुताला लावायची खळ शिजायची वेळ झाली की तिला बाहेर काढून आतून कडी लागायची. त्या खळीची कृती घराण्याची. ती मुलाला सांगायची, सुनेला सांगायची, लेकीला मात्र नाही, कारण लेक उद्या परक्या घरी जाणार. मागाच्या फणीवर हात ठेवून शपथ घेतलेली असायची, की जो कृती बाहेर सांगेल त्याचे हात पुन्हा मागावर चालणार नाहीत. आणि गोकुळला मुलगा नव्हता. आता बोला!

क्षीरोदा लग्न होऊन नदीपार गेली. मग एका वर्षी नदीनं कूस बदलली आणि दोन कोस लांब जाऊन बसली. तिच्याबरोबर हवेतला ओलावाही गेला. कोरड्या हवेत बारीक सूत कसं टिकणार? घरोघरी धागे तटातट तुटायला लागले. एकट्या गोकुळचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, शाबूत, कारण त्याची खळच तशी. बाकीच्यांनी हाय खाल्ली. कुणी गाव सोडलं, कुणी माग फोडून चुलीत घातले.

क्षीरोदा माहेरपणाला आली ती नेमकी शेजारच्या अंगणात कुऱ्हाड चालू असताना. ज्या मागाच्या खटखटीवर ती लहानाची मोठी झाली, त्याची लाकडं होत होती. ती तशीच बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, कृती सांगून टाका."

"तू परक्या घरची. तुला नाही सांगता येत, मग गावाला कशी सांगू?"

"आपल्या साड्या काय फक्त आपल्याच घरच्या बायका नेसतात?"

गोकुळ पाठ फिरवून मागावर जाऊन बसला. आमच्याकडे बाप लेकीला लाडानं 'मा' म्हणतो. त्या दिवशी त्यानं तिला मा म्हटलं नाही, आणि तिला ते फार लागलं.

पण पोर हट्टाची. शेजाऱ्याचा अर्धा फुटलेला माग तिनं दोऱ्यांनी बांधून उभा केला आणि बसली. धागा तुटला की गाठ, पुन्हा तुटला की पुन्हा गाठ. तीन दिवसांत वीतभर कापड झालं, बोटं सोलून निघाली. तिसऱ्या दिवशी गोकुळ आला. कापडावरून त्यानं बोट फिरवलं. जिकडे तिकडे गाठी, वाळू सांडल्यासारख्या. हा हात आपणच घडवला आणि आपणच असा वाया घालवतोय, हे त्याच्या मनाला झोंबलं. आल्या पावली तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं याच घाटावर चूल मांडली आणि दवंडी पिटून गाव गोळा केलं. क्षीरोदा धावत आली. मागितलं तिनंच होतं, पण ते खरंच घडतंय म्हटल्यावर तिनं बापाचा हात धरला.

"नको बाबा! हात जातील तुमचे. मी गाठीच मारीन हवं तर."

"गप बस आणि ढवळ," गोकुळ म्हणाला.

मग त्यानं मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. भिजवलेल्या लाह्या, चिमूटभर चुना, आणि या समोरच्या कमळांच्या देठांचा चिकट रस. एवढं सांगून तो थांबला. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "अरे, एवढंच?" खरंच एवढंच होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फुलत होतं आणि त्यावर सात पिढ्या कडी लावून बसल्या होत्या. गोकुळ भांडं उतरवायला वाकला आणि त्याचे हात थरथरायला लागले. भांडं निसटलं, खळ पाण्यात सांडली, आणि घाट पांढरा झाला तो झालाच. त्या हातांना पुन्हा धागा धरता आला नाही, असं सांगतात.

क्षीरोदा ढसाढसा रडली. मग नवी खळ शिजली, ताणा चढला आणि ती सवयीनं डावीकडे जाऊन बसली. गोकुळ मागापाशी आला.

"सरक, मा," तो म्हणाला. "उजवीकडे हो. डावीकडे मी बसतो."

पुढे कितीतरी माग उठून उभे राहिले. मधल्या काळात यंत्रमागांनी गाव पुन्हा गप्प केलं होतं, तेव्हाही हातमाग पुन्हा सुरू करताना बायकांनी आधी याच घाटावर चूल पेटवली. आजही इथे खळ बंद दाराआड शिजत नाही. वाटेनं जाणाऱ्याला, त्यानं न विचारताही, आत काय घातलंय ते सांगावंच लागतं. आता तुम्हालाही सांगतील, कंटाळू नका.

आणि नवा ताणा चढला की लेकीला सासरहून बोलावतात. तो बघा समोरचा माग. उजवीकडे बसलीय ती मालोती, कालच आली. तिच्या डावीकडचे पांढऱ्या केसांचे ते तिचे वडील, चाळीस वर्षं विणतायत. त्यांचे हात काही थरथरत नाहीत हं. पण आज पहिली वीत विणून होईपर्यंत ते तिथेच बसणार, डावीकडे.