जबाबाची ओळ

राखेचा बुधवार आला की दरवर्षी कोणीतरी माझ्या ओटीवर येऊन बसतं. "बाबा, उपवासकाळासाठी बोधाचं काहीतरी सांगा." मी काय फादर आहे? चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तरांच्या हातात वेताची छडी होती म्हणून. बोध हवा तर देवळात जा, तिथे पंखे आहेत. पण यंदा आलेली बाई चहा पिऊनही उठेना. म्हणून सांगतो, आणि एकदाच सांगतो.

समुद्र आणि केळीच्या वाड्या यांच्या मधल्या एका गावात एक म्हातारा गायक होता, आणि त्याच्याकडे शिकायला येणारा एक तरुण होता. गाव सगळं ख्रिस्ती, आणि त्या काळी उपवासकाळ पाळणारं. हल्लीसारखं चॉकलेट सोडलं आणि झालं, असं नव्हतं. मटणाची हंडी राखेनं लख्ख घासून माळ्यावर पालथी घातली जाई, ती ईस्टरलाच खाली उतरे. लग्नं बंद, बँड बंद. पोरानं शीळ घातली तर पहिली दिसेल ती मावशी कान पिळी, मग ती कोणाची का मावशी असेना. संध्याकाळी सगळे गावच्या क्रूसापाशी रोझरीची माळ जपायला जमत. गावात शांतता अशी, की वाडीत नारळ पडला तर बसल्या जागेवरून सांगावं, कोणाच्या झाडाचा.

आणि गुड फ्रायडेला सवाल-जबाबाचं एक गाणं असे. एक माणूस क्रूसापाशी उभा राहून सवाल गाई, "खांद्यावरचं लाकूड कोणाचं?" दुसरा गर्दीच्या पार टोकाकडून जबाब देई, "आमचं गा बाबा, आमचं." सवालामागून सवाल, जबाबामागून जबाब, आणि मधे उभं सगळं गाव. दोन्ही ओळी शेंबड्या पोरालाही पाठ. पण नेम असा, की सवाल गाणाऱ्यानं जबाबाची ओळ तोंडात घ्यायची नाही.

म्हातारा आयुष्यभर सवाल गायला. जबाब देत असे त्याचा जिवलग मित्र, म्हणजे या तरुणाचा बाप. तो आदल्या पावसाळ्यात गेला. त्यानं जबाब आपल्या थोरल्या मुलाला शिकवून ठेवले होते. म्हाताऱ्याचाही दम आता पुरत नव्हता, म्हणून सवाल तो या धाकट्याला शिकवत होता. दोघं भाऊ दोन टोकांना उभे राहिले असते, तर गाणं पुढे चाललं असतं.

पण दोघं भाऊ बोलत नव्हते.

धाकटा बोटीवर नोकरीला होता. बाप गेल्याचं कळल्यावर धावत आला, तो थेट मातीलाच पोचला. तिथे, कबरीच्या काठावर, सगळ्या गावासमोर थोरला म्हणाला, "माती टाकायला बरा आलास. पाणी पाजायला नाही आलास." त्या दिवसापासून दोघांच्या घरांमधलं मेंदीचं कुंपण कोणी छाटलं नाही. ते पुरुषभर वाढलं.

धाकट्यानं त्या वर्षी कडकडीत उपवास धरला. मटण तर नाहीच, सुका बोंबीलही नाही. दिवसातून एकदा पेज, निजायला जमीन, पायात वहाण नाही. शेजारच्या बाया म्हणू लागल्या, "अरे, पोट पाठीला लागलं तुझं. ईस्टरपर्यंत टिकशील ना?" त्याला ते ऐकून बरंच वाटे. सवाल गाणारा माणूस शुद्ध हवा, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

शिकवणीला मात्र एक विचित्र गोष्ट घडे. एक सवाल गाऊन झाला की म्हातारा हात वर करी आणि गप्प बसे. जबाबाच्या ओळीला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ, गल्लीकडे कान लावून. मग दुसरा सवाल. पुन्हा हात वर. रोज हेच. धाकट्याला ती शांतता अंगावर येई. ईस्टरच्या आदला, झावळ्यांचा रविवार झाला तसा त्याचा धीर सुटला.

"कोणाची वाट बघताय, बाबा? तो काही येत नाही. दोन्ही ओळी मीच म्हणतो. गावाला गाणं ऐकल्याशी कारण."

"नेम माहीत आहे ना?"

"नेम मोडला तर आभाळ कोसळणार आहे का?"

"नाही कोसळणार," म्हातारा म्हणाला. "आणि तू तो पावसाळ्यापासून मोडतोच आहेस."

"मी? तो कसा?"

"भाऊ तसं का बोलला, हा सवाल तुझा. माझा द्वेष करतो म्हणून, हा जबाबही तूच दिलास. त्याच्या वाट्याची ओळ तूच म्हणत बसलास, रात्रंदिवस. लेकरा, उपवास म्हणजे रिकामी राखलेली जागा. तू मासळी काढलीस आणि तिथे राग भरलास. काही सोडायचंच असेल तर ती ओळ सोड. सवाल विचार आणि थांब."

"चूक त्याची आहे. माफी त्यानं मागायची."

"त्यानंच मागायची. मी कुठे नाही म्हणतो?"

"आणि मी विचारलं, नि तो बोललाच नाही तर?"

"तर नाही बोलला. शांतता त्याची राहील. निदान तुझा आवाज तरी तिच्यात नसेल."

गुरुवारी देवळाच्या घंटा मुक्या झाल्या आणि लाकडी खटखट्यानं प्रार्थनेला बोलावणं सुरू झालं. त्या संध्याकाळी धाकटा कुंपणापाशी गेला. पलीकडे थोरला केळींना पाणी लावत होता.

"मातीच्या दिवशी तसं का बोललास?"

एवढं विचारून तो थांबला. जिभेवर दहा जबाब आले, ते त्यानं गिळले. पेजेवर राहणं याच्यापुढे काहीच नव्हतं. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात गेलं.

"शेवटी त्यांनी पाणी मागितलं," थोरला पाठमोराच म्हणाला. "तुझं नाव घेऊन. मी भांडं लावलं ओठाला. माझ्या हातचं प्यायले नाहीत." मग त्यानं फावडं उचललं आणि तो आत गेला.

माफी नाहीच मागितली. धाकटा मेंदीला हात लावून उभा राहिला. एवढ्या जबाबांतून हा त्याला कधी सुचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्रूसापाशी म्हाताऱ्यानं त्याला पुढे केलं. त्यानं गायलं, "खांद्यावरचं लाकूड कोणाचं?" आणि हात वर करून थांबला. गाव थांबलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. ओळीचा वेळ सरला, तरी त्यानं हात खाली घेतला नाही.

मग मागून, विहिरीकडच्या टोकाकडून, एक बसका आवाज आला.

"आमचं गा बाबा, आमचं."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आवाज अगदी मित्राच्या वळणाचा होता.

गाणं संपल्यावर थोरला गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, "सूर फार चढा लावतोस. पुढच्या वर्षी माझा घसा फाडशील." धाकट्यानं मान हलवली. ईस्टरला माळ्यावरून दोन घरांत मिळून एकच हंडी उतरली, आणि मेंदी कंबरेएवढी छाटलेली होती.

तेव्हा बाई, सवाल विचारला की माणसानं थांबावं, समोरच्याची ओळ आपण म्हणू नये. मीही गेल्या ख्रिसमसपासून हात वर करून थांबलो आहे. माझ्या वाळत घातलेल्या बोंबलांत बैल सोडला कोणी, एवढंच मी भर मंडळीत विचारलं होतं. जबाब मला ठाऊक आहे, पण म्हणणार नाही. म्हणायचा तो त्यानंच म्हणावा, आणि माफीही त्यानंच मागावी, त्या बस्त्याव तुस्कानोनं.