महाराजांचा पासवर्ड

धामणगडच्या सर्जेराव महाराजांनी हुकूम सोडला: दसऱ्याच्या मिरवणुकीचा क्रम लावणारा परमुलखातला प्रोग्रॅम उद्या दुपारपर्यंत दरबारच्या कॉम्प्युटरवर बसवा, आणि मला पासवर्ड विचारू नका.

हुकमाचा दुसरा भाग अडचणीचा होता. दरबारचा कॉम्प्युटर युनिक्स घराण्यातला, म्हणजे महाशिस्तीचा. त्यात प्रत्येक नोकराला आपलं एक खातं आणि आपला एक फोल्डर. सगळ्यांच्या सामाईक फोल्डरात बाहेरचं काही ठेवायचं तर मात्र रूटचा पासवर्ड लागायचा, आणि रूट म्हणजे साक्षात महाराज. तो पासवर्ड त्यांनी तीन वर्षांपूर्वी स्वहस्ते ठरवला होता आणि त्याच आठवड्यात ते तो विसरले होते. सगळ्या गडाला हे ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

घाई अशासाठी, की गेल्या दसऱ्याला पवळी हत्तीण महाराजांच्या पालखीच्या पुढे चालत गेली होती, आणि तिनं मागे वळून पाहिलंही नव्हतं. यंदा क्रम चुकला तर पवळीची रवानगी शेजारच्या संस्थानात, असं माहुताला बजावलं गेलं होतं.

दिवाण अंतोजीपंत कामाला लागले. पासवर्ड म्हणून त्यांनी महाराजांच्या घोड्यांची नावं घालून पाहिली, मग राणीसाहेबांचं, मग जरा भीतभीत राणीसाहेबांच्या आईचं. कॉम्प्युटर दर वेळी सभ्यपणे नाही म्हणाला.

तेव्हा माहुताची मुलगी येसू पुढे आली. हत्तीखान्यातल्या चाऱ्याची नोंद तिच्याकडे, म्हणून तिचंही एक खातं होतं. प्रोग्रॅमसोबत आलेली सूचनांची फाईल कुणी वाचली का, असं तिनं विचारलं.

"सूचना वाचायला आम्ही काय नवखे आहोत?" पंत म्हणाले.

येसूला एकूण पावणेदोन तास लागले. त्यातला दीड तास वाचण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापील यादी महाराजांपुढे आली. पालखी पहिली, पवळी सातवी.

महाराजांचे डोळे बारीक झाले. "पासवर्डाशिवाय माझ्या कॉम्प्युटरात बाहेरचा प्रोग्रॅम घुसवलास? हा राजद्रोह झाला."

"सामाईक फोल्डराला मी हातसुद्धा लावला नाही, महाराज. बसवताना जागा सांगितली नाही, तर तो तिकडे जातो आणि पासवर्ड मागतो. मी त्याला माझ्याच फोल्डरात बसवला. तिथं काय मांडायचं ते माझं मी ठरवावं, ही मुभा आपणच दिलेली."

महाराजांनी यादी पुन्हा वाचली. पालखी अजूनही पहिलीच होती.

"शाब्बास. आजपासून तू या कॉम्प्युटरची मुख्य कारभारीण. आता तोच प्रोग्रॅम सगळ्यांसाठी सामाईक फोल्डरात बसव."

"जशी आज्ञा." येसूनं कीबोर्ड पुढे ओढला. "पासवर्ड सांगा, महाराज."

अख्खा दरबार छताकडे पाहू लागला. पंतांना खोकल्याची उबळ आली.

महाराज आधी गालातल्या गालात हसले, मग पोट धरून हसले, मग त्यांना पाणी द्यावं लागलं.

"पोरी, तू दुसरं काहीतरी माग."

"पवळी इथंच राहू दे."

"राहिली," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि तिला सातवी नको, पालखीच्या लगेच मागे ठेव. पुढे कोण चाललंय, ते एकदा बघू दे तिला."