वासंतीची जागा

आमच्या घरात एक नियम आहे आणि तो का आहे, असं विचारायचं नसतं. पत्ते खेळताना पुरुष भिडू आला, की बाईने उठायचं.

दिवाळीतल्या दुपारी मेंढीकोट रंगला होता. एकीकडे आई आणि मी, दुसरीकडे थोरले काका आणि बाबा. तीन दश्श्या आम्ही जिंकल्या होत्या आणि चौथी आईच्याच हातात होती. काकांवर कोट चढणार म्हणून आई गालातल्या गालात हसत होती. तेवढ्यात काकांचे जावई प्रसन्नराव झोपेतून उठून आले.

"वासंती, ऊठ. जावईबापूंना बसू दे," काका म्हणाले. "आणि चहाचं बघ."

आईने मुकाट्याने पत्ते पालथे ठेवले. माझं डोकंच फिरलं.

"काका, हा डाव आईचा आहे!"

"नवा भिडू बसला की जुन्याचं अर्धवट राहिलेलं सगळं त्याने निभवायचं. एवढं कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?"

"सगळं?"

"सगळं म्हणजे सगळं!"

"मग या, प्रसन्नराव. आईची भांडी अर्धीच घासून झालीत, करंज्यांचं सारण परतायचं राहिलंय आणि आत्ता काकांनी सांगितलेला चहाही तुमचाच."

प्रसन्नराव बसता बसता थबकले.

"उद्धट कार्टी!" काका कडाडले. "चहा तू टाक!"

"नाही टाकणार. आणि आईही उठणार नाही. आई, पानं उचल, उतारी तुझी आहे."

आईने पानं उचलली. काकांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी खाली.