न सांगता सोडलेली शाळा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. नसेना का! आपल्याला त्याच्या नावाशी काय करायचंय?

त्याच्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी विणकरांचं एक गाव होतं. गावात एक शाळा, शाळेत एक म्हातारे गुरुजी. मुलं मोठ्याने पाढे म्हणत आणि घराघरांतले विणकर त्या आवाजावर मागाचे धागे मोजत. पण दुपारी गुरुजींना डुलकी लागे. मग मुलं 'तेरा सत्ते एक्क्याण्णव'वरच घोळत बसत आणि गावभर धागे चुकत!

तिथे एक विणकरीण राहायची. तिला दोन मुली. थोरली चलाख. धाकटीही तितकीच हुशार, पण तिचा एक पाय जन्मापासून अधू. दोघींनी खूप शिकावं, हा आईचा ध्यास. गुरुजींच्या डुलक्या पाहून तिचा जीव तळमळे. घरी ती धुसफुसायची, शेजारणीपाशी कुरकुरायची. गुरुजी समोर आले, की मात्र पदर सावरून नमस्कार करायची आणि बाजूला व्हायची. गुरुजींना बोलायची गावात रीतच नव्हती ना!

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली. "ज्याला जी शाळा आवडेल, तिथे त्याने मूल घालावं हो! गुरुजींचा शिधा मुलामागोमाग जाईल!"

विणकरणीला आभाळ ठेंगणं झालं. डोंगरापलीकडच्या नगरात मोठी शाळा होती. दुसऱ्याच दिवशी ती थोरलीला घेऊन निघाली. तिला पाहून शेजारीण निघाली, शेजारणीला पाहून अख्खी आळी. 'गुरुजी, येतो' म्हणायलाही कुणी थांबलं नाही.

महिन्याभरात शाळा ओस पडली, शिधा बंद झाला. एका सकाळी गुरुजी बोचकं बांधून भाच्याच्या गावी निघून गेले.

थोरली नगरात छान शिकू लागली. खोटं कशाला सांगू? पण ती घरी यायची ती फक्त सणाला. माग चालवता चालवता आईचे कान शाळेकडे लागायचे. तिकडून काहीच ऐकू यायचं नाही. लेकीच्या आठवणीने तिला घास गिळवत नसे.

अशी दोन वर्षं गेली. धाकटीला सातवं लागलं.

"आई, माझी शाळा कधी गं?" तिने विचारलं.

नगराची वाट डोंगरावरून जाणारी, गाडीही न जाणारी. अधू पायाने पोर चढणार कशी? धाकटी रोज पाटी घेऊन बंद शाळेच्या पायरीवर जाऊन बसे.

शेवटी आई गुरुजींच्या भाच्याच्या गावी गेली आणि तिने गुरुजींचे पाय धरले. "गुरुजी, परत चला."

"आता अक्षर दिसत नाही, पोरी," गुरुजी म्हणाले. "पण मुलं का गेली, ते तरी सांग. मला कुणी सांगितलंच नाही. पहिले दोन दिवस वाटलं, गावात गोवर आलाय."

"दुपारी तुम्हाला झोप लागायची," ती कशीबशी म्हणाली.

"एवढंच? अगं वेडे, मग बोलायचं नाहीस का! मी शाळा सकाळचीच भरवली असती!"

आणि म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला.

तिथून ती थेट दरबारात गेली. "महाराज, तुमच्या दवंडीने माझ्या थोरलीचं भलं झालं. पण धाकटीने कोणती शाळा निवडायची? तिला चालत जाता येईल अशी एकच होती, आणि ती मीच बंद पाडली."

राजा खजील झाला. "जाणाऱ्यांची सोय केली," तो म्हणाला, "राहणाऱ्यांचा विचारच केला नाही." त्याने नवा हुकूम काढला: एक मूल उरलं तरी शाळेचा शिधा थांबणार नाही, आणि ज्याला शाळा सोडायची असेल त्याने आधी आपली तक्रार शाळेत येऊन सांगावी.

हुकूम झाला खरा, पण त्या आडगावात राहायला गुरुजी मिळेपर्यंत आणखी सहा वर्षं लोटली. तोवर धाकटी मागावर बसली होती. शाळा पुन्हा उघडली, त्या पहिल्या दिवशी आई तिला हौसेने शाळेत घेऊन गेली. चिमुरड्यांच्या रांगेत बसताना ती लाजेने चूर झाली आणि घटकाभरात घरी परतली. आईने हातापाया पडून विनवलं. धाकटी एवढंच म्हणाली, "आई, तेव्हा खूप वाटायचं गं. आता नाही वाटत."

म्हणून बाळांनो, आणि बाळांच्या आईबापांनो, ध्यानात धरा: शाळेचं उणं आधी शाळेतच बोलावं, कारण आपण मुकाट्याने निघून गेलो, तर ज्यांना जाता येत नाही ते उघड्यावर पडतात.