हैबतीचा पहिला शब्द

हैबती मगदूमने तोंड उघडलं आणि गजेंद्र फिल्म कंपनी बुडायला लागली.

त्याआधीची आठ वर्षं कंपनीची नुसती चढती होती. कोल्हापूरच्या वेशीबाहेर एका तंबूत निघालेली कंपनी बघता बघता अकरा एकरांत पसरली. दोनशे माणसं, सोळा घोडे, आणि या सगळ्यांच्या पुढे हैबती. गडी मूळचा पैलवान. दाराएवढी छाती, झुबकेदार मिशा. मूकपटांत तो बुरुजावरून उड्या मारायचा आणि लोक पडद्यावर नाणी उधळायचे.

मग बोलपट आले. कंपनीच्या पहिल्या बोलपटात हैबती शत्रूच्या दरबारात शिरला, तलवार उपसली आणि म्हणाला, "खबरदार." आवाज निघाला दहा वर्षांच्या मुलीचा. थेटर जे हसलं ते शेवटच्या रिळापर्यंत हसतच राहिलं. दुसऱ्या बोलपटात कॅमेऱ्याआड एक कीर्तनकार बसवला. हैबतीने ओठ हलवायचे, कीर्तनकाराने बोलायचं. दोघांची वाक्यं एकत्र कधी संपलीच नाहीत.

घोडे विकले गेले. निम्मी माणसं पुण्या-मुंबईला निघून गेली. उरलेल्यांना मालक सर्जेराव निंबाळकरांनी एका सकाळी अंगणात गोळा केलं.

"मुंबईचे वितरक म्हणतात, हिरो बदला," सर्जेराव म्हणाले. "मी बदलणार नाही. हिरो हैबतीच. आवाजही त्याचाच, उसना नको. सिनेमात तो बोलला पाहिजे. आणि त्याच्या पहिल्या शब्दाला थेटरात एकही माणूस हसता कामा नये. हे कसं जमवायचं ते कुणीतरी सांगा. नाहीतर सोमवारपासून इथं गुळाचं गोदाम."

कंपनीचे कथालेखक दत्तोपंत आपल्या चपलांकडे बघत राहिले.

"मी सांगते की," मागून आवाज आला.

ती हौसाक्का रेळेकर होती, कंपनीची शिंपीण. आठ वर्षं हैबतीचे अंगरखे तिनेच बेतले होते. आवाजाची लाज वाटून गडी महिनाभर कुणाशी बोललेला नाही, हे तिला ठाऊक होतं. मनातून तिला फार वाईट वाटायचं.

"अक्का, तुझं काम कपड्यांचं," सर्जेराव म्हणाले. "गोष्टी दत्तोपंत लिहितात."

"त्यांच्या दोन गोष्टी लोकांनी बघितल्या, मालक. आता तिसरी कुणीतरी दुसऱ्यानं सांगावी."

सर्जेरावांनी तिला बसायला खुर्ची दिली. दत्तोपंतांचीच दिली.

गोष्ट ऐकून झाल्यावर सगळे कामाला लागले. एकटा हैबती तेवढा शिवणखोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "अक्का," तो बारीक आवाजात म्हणाला, "लोक परत हसतील मला."

"हसतील. पण कधी हसायचं ते आपण सांगू त्यांना. हात वर कर." तिने चोळीसाठी त्याच्या छातीचं माप घेतलं. तिघींच्या चोळ्यांचं कापड एकट्याला लागलं.

तीन महिन्यांनी सिनेमा लागला. सर्जेराव थेटरात सर्वांत मागे उभे राहिले, शेजारी हौसाक्का. आपलं चुकलं तर शंभर चुली थंड होतील, हे ती विसरू शकत नव्हती.

पडद्यावर एक माजोरी सरदार हैबतीच्या बहिणीला पळवून नेतो. सरदाराला गाठीन तेव्हाच बोलेन, अशी शपथ हैबती भाकरीच्या पिठावर बोटाने लिहितो. त्यानंतर नऊ रिळं तो चकार शब्द काढत नाही. लढतो, पोहतो, कड्यावरून उडी घेतो. जुना हैबती बघून पुढच्या बाकांवरची माणसं उभी राहिली.

मग सरदाराने दुसऱ्या गावची एक कोवळी पोर लग्नासाठी मागितली. रडत रडत ती डोलीत बसली. वाटेत नदी आली, झाडी आली; झाडीत डोली घटकाभर टेकली. रात्री डोली सरदाराच्या महालात उतरली.

"घाबरू नकोस," सरदार मिशीला पीळ देत म्हणाला. "नाव काय तुझं?"

"लाजते मी," डोलीतून बारीक आवाज आला. "जवळ या, कानात सांगते."

थेटरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कुणीतरी म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं बाई, गरीब गाय."

सरदार वाकला. डोलीतून हिरव्या चुड्याचा एक हात बाहेर आला आणि त्याने सरदाराची मान धरली. हात मांडीएवढा जाड होता. पदर सरकला. खाली मिशा!

त्यानंतर थेटरात काय झालं ते कुणालाच नीट सांगता येईना. फेटे उडाले, शिट्ट्या झाल्या. सरदाराला लोळवून त्याच्या छातीवर बसलेला हैबती त्याच आवाजात एकेक अपराध मोजत होता, आणि लोक "पुन्हा बोल, पुन्हा बोल" म्हणून ओरडत होते.

सर्जेराव मात्र कपाळाला आठ्या घालून उभे. "अक्का, अट मोडली. लोक हसतायत."

"पहिल्या शब्दाला कोण हसलं, मालक?"

"कुणी नाही. पण आता हैबतीला हसतायतच ना."

"तुम्ही नीट बघा. हैबती वर बसलाय," हौसाक्का म्हणाली. "जो खाली पडलाय, त्याला हसतायत."

सर्जेरावांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं. मग त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि शेवटी ते भिंतीला टेकून पोट धरून हसले. इतके, की डोअरकीपर पाणी घेऊन धावत आला.

सिनेमा बावीस आठवडे चालला. चौदा घोडे परत विकत घेतले. सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच हौसाक्काला दत्तोपंतांच्या शेजारी मेज आणि त्यांच्याइतकाच पगार मिळाला. शिवाय काय हवं ते माग, असं मालक म्हणाले, तेव्हा तिने एकच मागितलं. म्हणून पुढच्या सिनेमाच्या जाहिरातीवर हातभर अक्षरांत छापलं होतं: 'हैबती मगदूम, यात सुरुवातीपासून बोलतो.'