आपल्या माणसांची चाळणी

"बंधाऱ्याचा राखणदार आपलाच माणूस हवा!" भानराजांनी भर दरबारात ठणकावलं.

'आपला' म्हणजे राजांसारखा घाटमाथ्याचा. तसे तीन राखणदार होऊन गेले होते. पहिला झोपायचा. दुसऱ्याला पाण्याचीच भीती वाटायची. तिसऱ्याने बंधाऱ्याची बंद करायची ती दारं उघडली आणि राजांच्या बागेत बदकं पोहायला लागली! खाली खोऱ्यात मात्र उभी पिकं वाळत होती.

आता चौथे म्हणून राजांचे मेव्हणे बाळकोजी मिशी पिळत उभे होते. "सात पिढ्या घाटमाथ्याचा आहे मी!"

तेवढ्यात खोऱ्यातली सगुणा पुढे आली. "महाराज, पहिला राखणदार झोपायचा तेव्हा दारं मीच सांभाळली. हे काम मला द्या."

"तू खोऱ्यातली! तुझी बोलीसुद्धा वेगळी!"

"दार उघडताना पाण्याशी बोलावं लागत नाही, महाराज!"

दरबार हसला. राजे चिडले. "असं? मग आपली माणसं आणि परकी माणसं वेगळी करणारी चाळणी उद्या आणून दाखव! आणलीस तर काम तुझं. नाहीतर पुन्हा बंधाऱ्याकडे फिरकायचं नाही!"

"आणते. फक्त एक दवंडी पिटवू द्या."

संध्याकाळी गावोगाव दवंडी पिटली, "उद्या बंधाऱ्यातला गाळ काढायचा आहे हो! फक्त आपल्याच माणसांनी यावं हो!"

सकाळी राजे बंधाऱ्यावर पोचले. खाली गुडघाभर चिखलात शे-दीडशे माणसं घमेली उचलत होती. थोडी घाटमाथ्याची, बाकी सगळी खोऱ्यातली!

"अरे, तुम्ही कसे आलात? दवंडी ऐकली नाहीत?"

"ऐकली की!" एक म्हातारी खालूनच ओरडली. "बंधारा आपलाच, म्हणून तर आलो!"

बाळकोजी मात्र पांढरंशुभ्र धोतर सावरत झाडाखाली उभे होते.

"बाळकोजी, उतरा की!"

"मी कसा उतरू, दाजी? माझी आजी खोऱ्यातली! म्हणजे तसा मी परकाच!"

राजांनी कपाळावर हात मारला. "सगुणा, चाळणी कुठंय तुझी?"

"ही काय, समोरच! चिखलात उतरले ते आपले. वर राहिले ते परके."

"आणि मी गं?"

सगुणाने राजांच्या कोऱ्या करकरीत जोड्यांकडे पाहिलं. "आपण अजून काठावर आहात, महाराज!"

राजे खो खो हसले. त्यांनी जोडे काढले, धोतर खोचलं आणि धपकन चिखलात उडी मारली! तिथेच कमरेची बंधाऱ्याच्या दारांची किल्ली काढून त्यांनी सगुणाच्या हातात ठेवली.

आणि बाळकोजींच्या हातात? घमेलं!